आवळायचे केव्हा, सोडायचे केव्हा : लघवीच्या त्रासात व्यायामाचे एक प्रकरण

पहिली भेट

सहकारनगरमध्ये लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले ७१ वर्षांचे एक गृहस्थ युरोलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. 'ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवावेत', एवढेच चिठ्ठीत होते. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि अशा चिठ्ठ्या माझ्याकडे नेहमी येतात. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण व्यायामाने या गृहस्थांना आराम पडला खरा, पण त्याआधी व्यायामानेच त्यांचा त्रास वाढवला होता. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असा तपशील वगळून ते येथे मांडतो आहे.

त्रास साधारण तीन वर्षांपासूनचा होता. लघवी सुरू व्हायला वेळ लागायचा, धार अडखळायची, झाली असे समजून बाहेर आल्यावर विजारीत दोन-चार थेंब पडायचे आणि रात्री चार वेळा उठावे लागायचे. पण त्यांना सगळ्यात जास्त छळत होती ती अचानक लागणारी घाई. जिना चढून आल्यावर दाराचे कुलूप उघडेपर्यंतही धीर निघत नसे. त्यापायी त्यांनी आधी तळजाई टेकडीवरचे सकाळचे फिरणे सोडले, मग बसने जाणे टाळले, आणि शेवटी बालगंधर्व रंगमंदिरातली नाटके बंद केली. १९६८ मध्ये ते रंगमंदिर उघडले तेव्हापासून आपण तिथे नाटके पाहत आलो, असे त्यांनी मला सांगितले आणि पुढे म्हणाले, "डॉक्टर, आता एक अंक संपेपर्यंत बसवत नाही. मधून उठलो की सगळी रांग उठते." फिरणे सुटल्यावर वर्षभरात त्यांचे वजन सहा किलोंनी वाढले होते आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागली होती. लघवीच्या धास्तीने चालणे बंद झाले होते, आणि चालणे बंद झाल्याने लघवीचा त्रास कसा वाढत होता, ते पुढे कळले.

तपासण्या युरोलॉजिस्टने नीट केलेल्या होत्या. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३८ ग्रॅम, लघवी झाल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी ६० मिलिलिटर, धारेचा कमाल वेग सेकंदाला ११ मिलिलिटर. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आणि लघवीची साधी तपासणी वयाच्या मानाने ठीक. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असणारी ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला वेढून असते. पन्नाशीत सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत तिची वाढ आढळते, त्यामुळे ३८ ग्रॅम हा आकडा घाबरण्यासारखा नव्हता. आठ महिन्यांपासून रोज ०.४ मिलिग्रॅम टॅम्सुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करणारे औषध, चालू होते आणि त्याने धार थोडी सुधारली होती. सात प्रश्नांच्या प्रोस्टेट लक्षण गुणांकनात ३५ पैकी त्यांचे १८ गुण भरले. ८ ते १९ म्हणजे मध्यम त्रास, आणि २० पासून पुढे तीव्र. त्याच तक्त्यातल्या 'अशा स्थितीत उरलेले आयुष्य काढावे लागले तर कसे वाटेल' या शेवटच्या प्रश्नापाशी त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवले आणि ६ पैकी ५ वर खूण केली.

व्यायामाला हात घालण्याआधी मी काही गोष्टी नेहमी विचारून घेतो, तशा त्यांनाही विचारल्या: लघवीतून रक्त, ताप आणि थंडी, पाठीच्या हाडांत दुखणे, झोपेत नकळत अंथरूण ओले होणे, आणि लघवी पूर्ण तुंबण्याचा प्रसंग. यांपैकी काहीही असेल तर व्यायामाची वेळ नसते. तुंबलेल्या लघवीला तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते. त्यांना यातले काही नव्हते.

तीन दिवसांची नोंद

पहिल्या भेटीत मी एकही व्यायाम दिला नाही. मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घेऊन तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजायला आणि पोटात गेलेला प्रत्येक कप व पेला लिहायला सांगितले. त्यांच्या पत्नीने ही नोंद जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर शिस्तीत रकाने आखून ठेवली. रात्री किती वाजता उठले हे त्या लिहीत असत, म्हणजे त्यांचीही झोप तेवढ्याच वेळा मोडत होती. ही गोष्ट तोवर दोघांपैकी कोणीच मला सांगितली नव्हती.

त्या कागदाने बरेच सांगितले. चोवीस तासांत सरासरी २,१०० मिलिलिटर लघवी होत होती आणि त्यातली ९४० मिलिलिटर, म्हणजे जवळपास ४५ टक्के, रात्रीच्या झोपेच्या वेळेतली होती. पासष्टीनंतर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेले की रात्री मूत्रपिंडेच जास्त लघवी तयार करत आहेत असे समजतात. रात्री ते एकेका वेळी २०० मिलिलिटरच्या आसपास करत होते, म्हणजे मूत्राशय भरल्यावरच उठत होते. उलट दिवसा ८०-१०० मिलिलिटर झाले की घाई होत होती. रात्रीचे उठणे आणि दिवसाची घाई ही दोन वेगळी दुखणी होती, आणि दोघांचे खापर प्रोस्टेटवर फुटत होते.

पाण्याच्या रकान्यातही तसेच. बाहेर पडायचे म्हणून पहाटेनंतर दुपारपर्यंत ते पाण्याला शिवत नसत, मग रात्रीच्या गोळ्यांबरोबर तांब्याभर पाणी पीत. पहाटे उषःपान म्हणून तांब्याच्या भांड्यातले जवळजवळ लिटरभर पाणी एका दमात पिण्याची त्यांची सवय वीस वर्षांची होती, आणि फिरणे चालू होते तेव्हा ते पाणी पिऊन लगेच निघत. टेकडीच्या पहिल्याच चढावर लघवी का लागत असे, याचे उत्तर तिथे होते. उषःपानावर त्यांची श्रद्धा होती आणि ती मोडायची मला गरज वाटली नाही. एकच पेला प्यावा आणि तो फिरून आल्यावर प्यावा, एवढे ठरले.

पंच्याची गुंडाळी

दुसऱ्या भेटीत मी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. खरे तर तो पहिल्याच भेटीतला होता. "काका, या आधी स्वतःहून काही व्यायाम करत होता का?" त्यांनी मोबाइल पुढे केला. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे ते पाच महिने रोज दोनशे वेळा 'खालून आवळत' होते. टेकडीवरच्या एका स्नेह्याने त्यात योगातल्या मूलबंधाची भर घातली होती, म्हणून ते श्वास कोंडून, पोट आत खेचून, जमेल तेवढा वेळ आवळून धरत. शिवाय स्नायू बळकट व्हावा म्हणून प्रत्येक लघवीच्या वेळी धार मध्येच तोडत. हे सुरू केल्यापासून धार जास्त अडखळू लागली होती आणि बसल्यावर वृषणांच्या मागच्या भागात ठसठसू लागले होते. त्यांनी ते वयावर टाकले होते.

ओटीपोटाचा तळ म्हणजे पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखी टांगलेली स्नायूंची चटई. ती आवळली की मूत्रनलिका मिटते आणि त्याच वेळी मूत्राशयाच्या आकुंचनाला लगाम बसतो. अचानक लागलेली घाई चार-पाच वेळा झटपट आवळल्याने ओसरते ती यामुळे. पण लघवी करताना हीच चटई पूर्ण सैल व्हावी लागते. ती सैल झाली नाही तर प्रोस्टेटमुळे आधीच अरुंद झालेल्या वाटेवर दुसरा अडथळा उभा राहतो, आणि मूत्राशय दोन्हींशी झुंजत राहते. स्नायू एकच, पण त्याची दोन कामे दोन वेगळ्या वेळची आहेत. दोनशे वेळा आवळायला सांगणाऱ्या व्हिडिओत सोडण्याबद्दल एक वाक्यही नव्हते. १९४८ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी हे व्यायाम प्रसिद्ध केले ते बाळंतपणानंतर स्नायू सैल पडलेल्या स्त्रियांसाठी. स्नायू आधीच ताठलेल्या पुरुषाने ते जसेच्या तसे उचलले तर काय होते, ते माझ्यासमोर बसले होते.

त्यांच्या संमतीने केलेल्या तपासणीत नेमके तेच दिसले. आवळण्याची ताकद बऱ्यापैकी होती, पण सोडा म्हटल्यावर स्नायू पायरीपायरीने, थरथरत सुटत होता आणि पूर्ण सुटतच नव्हता. आवळताना नितंब, मांड्या आणि जबडासुद्धा आवळला जात होता.

म्हणून पहिले तीन आठवडे आवळणे पूर्ण बंद ठेवले. व्यायाम शिकवायला पाठवलेल्या माणसाचा व्यायाम आधी थांबवावा लागला. त्याऐवजी पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, एक हात पोटावर ठेवून पाच मिनिटे सावकाश श्वास घ्यायचा, असे सकाळ-संध्याकाळ ठरले. श्वास आत जाताना श्वासपटल खाली येते आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळही किंचित खाली उतरतो. ते उतरणे कळणे हाच पहिला धडा होता. घरातले दोन लोड पाठीखाली घेऊन सुप्त बद्धकोनासन करायला सांगितले. ते त्यांना आधीपासून येत होते, फक्त 'धरून ठेवायचे' आसन म्हणून येत होते.

तरीही सैल होणे म्हणजे काय, हे त्यांना उमगत नव्हते. तेव्हा पंच्याची घट्ट गुंडाळी करून ती लाकडी स्टुलावर उभी ठेवली आणि वृषण व गुदद्वार यांच्या मधला भाग तिच्यावर टेकेल अशा रीतीने त्यांना पाठ ताठ ठेवून बसवले. आवळल्यावर तो भाग गुंडाळीवरून सुटतो आणि सोडल्यावर पुन्हा टेकतो. पहिल्या दिवशी तो सुटल्याचे त्यांना लगेच कळले, टेकल्याचे कळेना. मी त्यांना ओठ मिटून हलकेच गुणगुणायला सांगितले, कारण गुणगुणताना जबडा आणि श्वास आवळून ठेवता येत नाहीत. त्यांनी नाट्यपदाची एक ओळ घेतली आणि तिसऱ्या-चौथ्या श्वासाला म्हणाले, "आत्ता बसलो." आधी ते स्टुलावर अधांतरी बसत होते. घरी एक पंचा आणि एक स्टूल या सरावासाठी कायमचे राखून ठेवले गेले.

लघवी करण्याची रीतही बदलली. धार तोडणे बंद, कुंथणे बंद. रात्री अंधारात भिंतीला हात टेकून उभ्याने घाईघाईत उरकण्याऐवजी कमोडवर बसून, पाय जमिनीला टेकवून, श्वास सोडत लघवी करायची; झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. ज्यांना असा त्रास आहे अशा पुरुषांचे मूत्राशय बसून केल्यास अधिक रिकामे होते, असे एकत्रित अभ्यासांतही दिसले आहे. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याला उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते, हेही बसण्याचे एक कारण. थेंबांच्या तक्रारीसाठी, लघवी संपल्यावर एकदा जोरात आवळायचे आणि वृषणांच्या मागे बोटांनी पुढच्या दिशेला हलकेच दाबत नेऊन नलिकेत राहिलेले थेंब काढून टाकायचे. त्यांची विजार आठवडाभरात कोरडी राहू लागली. साध्या उपायाने इतका लवकर सुटणारा हा त्रास लोक वर्षानुवर्षे लाजेने सोसतात, याचे मला वाईट वाटते.

चौथ्या आठवड्यापासून आवळणे परत आणले: लघवीचा मार्ग आणि वायू एकाच वेळी रोखल्यासारखे तीन ते पाच सेकंद आवळायचे, मग पूर्ण दहा सेकंद सोडायचे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू, नितंब सैल. सोडण्याचा वेळ आवळण्याच्या दुप्पट-तिप्पट, ही अट मी कधीच शिथिल करत नाही. घाईसाठी जिन्याची तालीम केली. लागली की धावायचे नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभे राहायचे, पाच वेळा झटपट आवळायचे-सोडायचे, लाट ओसरू द्यायची आणि मग नेहमीच्या चालीने वर जायचे. किल्ली खिशातून वर पोहोचल्यावरच काढायची, कारण किल्ली हातात आली की त्यांची घाई दुप्पट होत असे.

संध्याकाळचे पाय

रात्रीच्या लघवीचे मूळ पायांत होते. दिवसभर बसून राहिलेल्या माणसाच्या घोट्यांत पाणी साठते, आडवे झाल्यावर ते रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते रात्रभर बाहेर टाकत बसतात. त्यावर उपाय प्रोस्टेटच्या गोळीत नसतो. ते पाणी दिवसा परत फिरवावे लागते, आणि ते काम पोटरीच्या स्नायूंचे आहे. त्यांना दुपारी तीन वाजता पाऊण तास पाय उशांवर उंच ठेवून पडायला सांगितले. पाच वाजता अर्धा तास चालणे, आणि घरी ओट्याला धरून टाचा उचलण्याचे पंधराचे तीन फेरे. खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे सुरुवातीला सहा वेळा जमले, पुढे वीस वेळा. शेवटचा चहा साडेचारला. पाणी एकूण कमी करायचे नव्हते, कारण फार कमी पाण्याने लघवी दाट होऊन घाई वाढते आणि मलावरोध होतो. ते फक्त सकाळ-दुपारकडे सरकवायचे होते.

सुरुवातीला मी त्यांना जेवणानंतर आठ वाजता शतपावली करायला सांगितले होते. ते चुकले. पायांतले पाणी त्या वेळी हलले की लघवी बनायची वेळ झोपेतच येते, आणि फिरून आल्यावर ते पेलाभर पाणी पीत ते वेगळेच. दुसऱ्या आठवड्याच्या नोंदीत काहीच फरक न दिसल्यावर वेळ पाचवर आणली.

याच दरम्यान त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. रक्तदाबासाठी वर्षभरापूर्वी ॲम्लोडिपिनची मात्रा १० मिलिग्रॅम केलेली होती. या औषधाने घोटे सुजतात, हे जाणून मी त्यांच्या फिजिशियनना पत्र पाठवले; त्यांनी पाचव्या आठवड्यात मात्रा कमी करून दुसरे औषध जोडले. हे मुद्दाम नोंदवतो, कारण त्यानंतरच्या सुधारणेतले व्यायामाचे किती आणि औषधबदलाचे किती, हे या एका प्रकरणात वेगळे काढता येत नाही. बदलाआधी रात्रीचे उठणे चारवरून तीनवर आले होते, बदलानंतर दोनवर आले. सर्दीसाठी दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये, असेही त्यांना बजावले. त्या गोळ्यांतली काही औषधे प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबवू शकतात.

बारा आठवडे आणि त्यानंतर

बाराव्या आठवड्यात लक्षणांचे गुण १८ वरून १० वर आले आणि शेवटच्या प्रश्नाचे ५ वरून २ वर. दिवसाच्या वेळा नऊवरून सहा-सातवर, वजन अडीच किलोंनी कमी. धारेचा कमाल वेग मात्र ११ चा १२ झाला, उरलेली लघवी ६० ची ५५. हे फरक तपासणीतल्या नेहमीच्या चढउतारातच मोडतात. व्यायामाने प्रोस्टेट लहान होत नाही आणि या प्रकरणातही झाले नाही. टॅम्सुलोसिन चालूच आहे. ते आपल्या मनाने थांबवायचे नाही, हे त्यांना मी तीनदा सांगितले, कारण बरे वाटू लागल्यावर सर्वांत आधी सुटते ती गोळी.

अभ्यासांतले चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. अमेरिकेतील तीस हजारांहून अधिक पुरुषांच्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठवड्याला दोन-तीन तास चालणाऱ्यांत प्रोस्टेटवाढीच्या त्रासाचा धोका सुमारे २५ टक्के कमी आढळला. अर्थात जे चालू शकतात तेच मुळात निरोगी असण्याची शक्यता तिथे राहते. व्यायामाने आधीच असलेला त्रास कमी होतो का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये घेतलेला आढावा पुरावा फारच दुबळा असल्याचे सांगतो. इंग्लंडमधल्या १,०७७ पुरुषांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्राशयाला वळण लावणे, ओटीपोटाचे व्यायाम आणि पाण्याच्या सवयी हे सगळे पुस्तिकेच्या आधारे शिकवल्यावर वर्षाअखेरीस गुणांत सरासरी दोनपेक्षाही कमी फरक पडला, पण तो टिकला. या गृहस्थांचा आठ गुणांचा फरक त्यामानाने मोठा दिसतो. त्याचे एक कारण मला असे वाटते की त्यांच्या १८ गुणांतले काही गुण चुकीच्या व्यायामानेच चढवलेले होते आणि ते काढून टाकणे सोपे होते.

सहाव्या महिन्यात ते तळजाईवर पुन्हा जात होते, सकाळी साडेसहाला, पाणी न पिता. ठसठस पूर्ण थांबली होती. थंडी वाढली तेव्हा आठवडाभर घाई परतली. त्यांनी घाबरून आवळण्याची संख्या वाढवली आणि धार लगेच अडखळली. या वेळी मात्र कारण त्यांचे त्यांना कळले आणि ते स्वतःच पंच्याच्या गुंडाळीवर परतले. रात्री ते अजून एकदा, कधी दोनदा उठतात. पत्नी आता त्यांच्याबरोबर जागी होत नाही. बालगंधर्वला त्यांनी कडेची खुर्ची घेऊन एक नाटक पाहिले. पहिल्या अंकात एकदा लागली, बसल्या जागी पाचदा आवळून सोडले, आणि मध्यंतरापर्यंत ते बसून राहिले. पुढची धारेची तपासणी आणि सोनोग्राफी युरोलॉजिस्टने सहा महिन्यांनी ठेवली आहे. उरलेली लघवी तोवर वाढलेली दिसली तर शस्त्रक्रियेबद्दल बोलावे लागेल, हे त्यांना आणि त्यांच्या पत्नीला आम्ही दोघांनी समोर बसवून सांगितले आहे.